पाचवं पिवळं कार्ड

“बूट दाखव,” रेफरी म्हणाला.

राजसने डावा पाय मागे उचलून तळवा दाखवला, आणि मग एकदम थबकला. सामन्याआधी रेफरी सगळ्यांचे बूट तपासतो, त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते हे, की हा रेफरी मराठीत बोलला होता. अकरा वर्षांत राजस टिपणीसने मैदानावर इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि एकदा चक्क फिनिशमध्ये शिव्या खाल्ल्या होत्या. मराठीत बूट मागणारा मात्र आज पहिल्यांदाच भेटत होता.

“दुसरा.”

त्याने उजवा पाय उचलला.

“मी विक्रम घाटे. मूळचा नागपूरचा. महिन्याभरापूर्वी कॅल्गरीहून इकडे आलो,” रेफरी खाली वाकून खिळे चाचपत, आवाज अजिबात न चढवता म्हणाला. “तू आज मुद्दाम पिवळं कार्ड घेणार आहेस म्हणे.”

राजसचा पाय हवेतच राहिला.

“कोण म्हणालं?”

“तुझ्या सासूबाई. मंडळाच्या कोजागिरीला शेजारी बसल्या होत्या. दूध फक्कड झालं होतं बाप्पा.” विक्रम सरळ उभा राहिला. चाळिशीतला, सडपातळ, पिंडऱ्या सायकलवाल्यासारख्या. “मी म्हटलं, काकू, असं कुणाला सांगू नका. तर म्हणाल्या, छे हो, तुम्ही घरचेच.”

“रेफ, लिसन...”

“तू ऐक. नियम तुला माहीत आहे. कार्ड ओढूनताणून घेतलंय असं मी अहवालात लिहिलं, तर तीन सामने बाहेर. मी हे सामना निरीक्षकांच्या कानावर घातलंय. ते म्हणाले, आता ऐन वेळी दुसरा रेफरी कुठून आणू? तूच कर, आणि डोळे उघडे ठेवून कर. तेव्हा खेळ. नीट खेळ.” एवढं बोलून तो पुढच्या खेळाडूकडे वळला. “बूट्स, प्लीज.”

विनिपेगच्या रेड रिव्हर ॲथलेटिकचे अकरा जण बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा तापमान चार अंश होतं आणि वारा उत्तरेचा. राजसला घाम फुटला होता.

हिशोब असा होता. मोसमात पाच पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचं; मग पाटी कोरी. राजसच्या नावावर चार होती. आज रेजायनाच्या संघाशी बरोबरी जरी झाली, तरी रेड रिव्हर पहिल्या दोघांत येऊन अंतिम फेरी गाठणार होता. पुढच्या रविवारचा सामना मग नावापुरता. आणि त्यानंतर अंतिम फेरी, आधीच पात्र ठरलेल्या कॅल्गरीशी, दोन सामन्यांची: आधी तिकडे, मग इथे घरी. पाचवं कार्ड आज मिळालं तर तो नावापुरता सामना हुकणार, दोन्ही अंतिम सामने खिशात. आज नाही मिळालं तर ते कॅल्गरीत मिळण्याची दाट शक्यता, आणि मग घरचा सामना, त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना, त्याला गॅलरीत बसून पाहावा लागणार. मुद्दाम कार्ड घेणं या धंद्यात अनेक जण करतात. फ्री किकला चेंडूवर उगाच उभं राहायचं, थ्रो-इनला बुटाची लेस बांधत बसायचं. रेफरी वैतागून कार्ड काढतो. फक्त बोभाटा करायचा नसतो.

बोभाटा झाला होता. आता आज कार्ड मागितलं तर तीन सामने: पुढचा रविवार, कॅल्गरी, विनिपेग. सगळंच गेलं.

राजस चौतीस वर्षांचा होता, आणि हा मोसम संपला की बूट कायमचे खुंटीला टांगणार होता. जन्म ओहायोतल्या डेटनचा. वडील शशिकांत आणि आई उमा, दोघंही इंजिनिअर. मुलगा कॉलेजात शिष्यवृत्तीवर सॉकर खेळतो याचा त्यांना अभिमान होता आणि कॉलेज संपल्यावरही खेळतोच आहे याची काळजी. तो मिडफिल्डर, त्यातही मागचा. समोरच्या संघाने मुसंडी मारली की ती मधेच तोडायची, चेंडू काढून घ्यायचा आणि जवळच्या भल्या माणसाकडे सोपवायचा. चेंडू काढून घेणं जमलं नाही तर माणूस थांबवायचा. अकरा मोसम, आठ क्लब, सहा राज्यं आणि एक परदेश. अकरा वर्षांत चार गोल. कार्डं बाहत्तर. आई फोनवर दर वेळी विचारायची, “गोल केलास का रे?” आणि तो सांगायचा, “नाही आई, पण तिघांना करू दिला नाही.”

अंतिम सामना मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. आयोवात अंतिम फेरीला दोन आठवडे उरले असताना मालकाने क्लब बंद केला. खेळाडूंना ते स्टेडियमच्या कुलपावरून कळलं. टेनेसीत उपांत्य सामन्याच्या विसाव्या मिनिटाला मांडीचा स्नायू फाटला. ओक्लाहोमातल्या क्लबने त्याला ऑगस्टमध्ये सोडून दिलं आणि ऑक्टोबरमध्ये चषक उचलला. चार वर्षांपूर्वी तो विनिपेगला आला तो ‘एक मोसम बघू’ म्हणून. इथे दिवाळीच्या पॉटलकमध्ये अबोली भेटली, विमा कंपनीत डेटाचं काम करणारी, पुण्याची. लग्न झालं. सहा महिन्यांच्या व्हिसावर सासूबाई आल्या, सुहासिनी नाव, निवृत्त मुख्याध्यापिका; आणि पहिल्या दोन सामन्यांत त्यांनी या खेळाचा असा अभ्यास केला की तिसऱ्या सामन्याला त्या लाइन्समनला ऑफसाइड समजावून सांगू लागल्या. त्याला त्या ‘राजसराव’ म्हणत. जावयाची युक्ती ऐकून त्यांना त्याचा इतका अभिमान वाटला, की तो पोटात मावला नाही.

सामना सुरू झाला आणि राजसला कळलं की आपले हात बांधले गेलेत.

एरवी तो दहा मिनिटांत एखादा धक्का, एखादं जर्सी ओढणं करून समोरच्याला आपली ओळख करून द्यायचा. आज प्रत्येक धडकेआधी तो रेफरीकडे बघत होता. हे मुद्दाम वाटेल का? हे? विक्रम सदैव दहा पावलांवर, शिट्टी ओठांत, चेहरा कोरा. रेजायनाचा उजवा विंगर, टायलर नावाचा लालबुंद मुलगा, वाऱ्यासारखा पळत होता. दोनदा तो राजसच्या खांद्याजवळून निसटला. दोन्ही वेळा गोलकीपरने वाचवलं.

“टिप! झोपलास का?” कप्तान ओबिना ओरडला. टिपणीस हे आडनाव उच्चारायचे कष्ट संघात कुणी घेत नसे.

मध्यंतराला स्कोअर शून्य-शून्य. प्रशिक्षक डंकनने त्याला कोपऱ्यात घेतलं. डंकन साठीचा, मॅनिटोबातल्या गव्हाच्या शेतांमधून आलेला, बोलणं मोजकं.

“काय झालंय?”

“रेफरीला सगळं माहीत आहे.”

“कसं?”

“माझ्या सासूने सांगितलं.”

डंकन म्हणाला, “तिला मिडफिल्डला घ्यायला हवं होतं. तुझ्यापेक्षा लांब पास देते.” आणि दाराकडे वळता वळता, “कार्ड विसर. एक गुण आण. गुण नाही आला तर कसली फायनल अन् कसलं काय?”

गॅलरीत दीड हजार माणसं असतील. बोगद्यातून परत येताना राजसने वर पाहिलं. अबोलीने जॅकेटवर शाल गुंडाळली होती. शेजारी सासूबाई, डोक्याला लोकरी टोपी, रेलिंगला रेलून.

“राजसराव!” त्या वरून ओरडल्या. “झालं का काम?”

“आई, हळू!” अबोली म्हणाली.

“हळू काय, इथे मराठी कुणाला कळतंय?”

मैदानाच्या मध्यभागी विक्रमने मान खाली घालून घड्याळात काहीतरी पाहिलं. फार वेळ पाहिलं.

एकसष्टाव्या मिनिटाला ते झालं. रेड रिव्हरचा कॉर्नर वाया गेला, रेजायनाच्या गोलकीपरने चेंडू लांब फेकला आणि टायलर मध्यरेषेवरून सुटला. समोर नुसतं मोकळं रान. मधे फक्त राजस. ही जागा त्याची. हाच क्षण त्याचा पोटापाण्याचा. टायलरने चेंडू त्याच्या डावीकडून सारला आणि तो उजवीकडून निघाला. राजसने हात लांबवला, बोटं जर्सीला लागली, कापड चिमटीत आलं.

आणि बोटं सुटली.

ओढलं तर पिवळं. हे पिवळं खरं की मागून घेतलेलं? तो काय लिहील? अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात टायलर चार पावलं पुढे गेला, आणखी सहा टाकली आणि चेंडू खालच्या कोपऱ्यात घातला.

शून्य-एक.

रेजायनाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते. राजस उभ्या जागी आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

“अकरा वर्षं माणसं ओढून पोट भरलंस,” रेषेवरून डंकन गरजला, “आणि आज तुला सभ्यपणा सुचला?”

विक्रम जवळून मागे पळत गेला. जाता जाता, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, “मी नीट खेळ म्हटलं होतं. घाबरून खेळ म्हटलं नव्हतं.”

हे लागलं. डंकनच्या गर्जनेपेक्षा हे जास्त लागलं. राजसने मोजे वर ओढले.

पुढचा अर्धा तास विनिपेगने जो खेळ पाहिला तो मोसमात पाहिला नव्हता. रेजायना सगळी मागे जाऊन बसली आणि रेड रिव्हरने त्यांना त्यांच्याच गोलसमोर कोंडलं. चेंडू बाहेर आला की राजस हजर. घेतला, परत आत ढकलला. अडुसष्टाव्या मिनिटाला ओबिनाचा हेडर खांबावर. चौऱ्याहत्तराव्याला गोलकीपरच्या पायाला लागून बाहेर. एकोणऐंशीला राजस टायलरला खरोखर भिडला, दोघंही गवतावर घसरत गेले, चेंडू आधी मिळाला म्हणून शिट्टी नाही. टायलर उठून ओरडला, “कार्ड!” आणि राजसच्या मनात आलं, बाळा, तुझ्या तोंडात साखर पडो. विक्रमने फक्त हाताने खेळ चालू ठेवायला सांगितलं.

पंचाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौथ्या पंचाने फलक वर धरला: जादा चार मिनिटं. गॅलरीत आता कुणी बसलेलं नव्हतं. कुणीतरी ढोल आणला होता, तो ताल सोडून बडवला जात होता. सासूबाईंची टोपी पडली होती.

ब्याण्णवाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. कॉर्नरला राजस नेहमी मध्यरेषेजवळ थांबतो. प्रतिहल्ला आला तर अडवायला. अकरा वर्षं तो तिथेच थांबला होता, आणि दुसऱ्यांचे गोल त्याने साठ मीटरवरून पाठमोरे पाहिले होते. तो थांबायला निघाला तेव्हा डंकन दोन्ही हात हलवत होता. पुढे! पुढे जा! आपला गोलकीपरसुद्धा पुढे निघाला होता.

चेंडू आला. दहा डोकी उडाली. कुणाच्या तरी कपाळावरून तो वर गेला, वाऱ्याने जरा मागे ओढला आणि पेनल्टी बॉक्सच्या काठावर, जिथे कुणीच नव्हतं तिथे, उतरला. तिथे राजस होता. विचार करायला वेळ मिळाला असता तर त्याने जवळच्या भल्या माणसाला पास दिला असता. वेळ नव्हता. त्याने डावा पाय फिरवला. चेंडू नडगी आणि बूट यांच्या मधोमध लागला, जमिनीवर आपटला, एका बचावपटूच्या ढुंगणाला घासला, गोलकीपर ज्या बाजूला झेपावला होता त्याच्या उलट बाजूला वळला आणि हळूहळू, अगदी वाट चुकल्यासारखा, रेषेपलीकडे गेला.

मग जो आवाज उठला तो राजसने आजवर दुसऱ्यांसाठीच ऐकला होता.

तो पळत सुटला. कुठे ते माहीत नव्हतं. ओबिना मागे लागला, पण राजस त्याच्या हाती लागला नाही. कॉर्नरचा झेंडा गेला, जाहिरातीचा फळा गेला, तो फळ्यावरून उडी मारून थेट गॅलरीखाली पोचला. वर अबोली दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती की हसत होती, आणि सासूबाई रेलिंगवर अर्ध्या लोंबकळून किंचाळत होत्या, “गोल! राजसराव, गोल!” जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्याच्या हातात काहीतरी होतं आणि तो ते डोक्यावर गरागरा फिरवत होता. संघातल्या सात जणांनी त्याला खाली पाडलं.

ढिगाऱ्यातून बाहेर आला तेव्हा समोर विक्रम उभा होता. हातात पिवळं कार्ड.

“काय?” राजस म्हणाला. मग एकदम मराठीत भडकला. “अरे, कशासाठी? मी काय केलं? गोल केला मी! धिस इज क्रेझी! कुणाला हात लावला मी? सांगा ना! आधी म्हणता नीट खेळ, नीट खेळलो तर कार्ड? अन्याय आहे हा, सरळ सरळ अन्याय आहे!”

“अंगात काय आहे बघ,” विक्रम म्हणाला.

राजसने खाली पाहिलं. अंगात काहीच नव्हतं. चार अंशांत, विनिपेगच्या उत्तरेच्या वाऱ्यात, तो कमरेपासून वर उघडा होता. जर्सी हातात होती.

“जर्सी काढली की कार्ड. यात रेफरीला विचार करायची मुभाच नाही. पुस्तकात आहे.”

“पण त्यासाठी कोणी...” राजस पुन्हा उसळला, आणि मागून ओबिनाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

“टिप. गप्प बस. हे पाचवं आहे.”

“सो?”

“पाचवं, गाढवा!”

राजसचा चेहरा जसा बदलत गेला तसा विक्रम तो बघत होता. अगदी लक्षपूर्वक, बूट तपासताना बघितलं होतं तसं. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं, वही खिशात ठेवली आणि घड्याळाकडे बोट केलं.

“एक मिनिट आहे अजून. अंगात घाल आणि चल.”

ते एक मिनिट अकरा वर्षांतलं सर्वांत लांब होतं. आता आणखी एक कार्ड म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे सगळं पुन्हा पाण्यात. रेजायनाने मध्यावरून खेळ सुरू केला, चेंडू मागे दिला आणि तिथून सरळ टायलरकडे. टायलर पुन्हा सुटला. तीच बाजू, तेच मोकळं रान. राजस दोन पावलं मागे. जर्सी हाताच्या अंतरावर फडफडत होती आणि तिला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा तो पळाला. चौतीस वर्षांचे पाय, फाटून शिवलेली मांडी, छातीत थंड हवा सुऱ्यासारखी. वीस मीटर. तीस. टायलरने मारायला पाय मागे घेतला, त्यासाठी पाऊल एकच आखूड टाकलं, आणि तेवढ्यात राजसने आडवं घसरून टाच घातली. चेंडू. फक्त चेंडू. तो बाहेर गेला, टायलर त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला, आणि राजसने पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे.

शिट्टी वाजली. लांब, तीनदा. सामना संपला होता.

रेड रिव्हर अंतिम फेरीत होता. मैदानावर माणसं उतरली. डंकन, मोजकं बोलणारा डंकन, गुडघ्यांवर बसून गवताला काहीतरी सांगत होता. राजस धापा टाकत विक्रमपाशी गेला. आता अहवालच तेवढा उरला होता.

“तुम्ही काय लिहिणार?”

विक्रमने वही उघडून वाचून दाखवलं. इंग्रजीत लिहिलेलं तो मराठीत वाचत होता, सावकाश, शब्द तोलत. “‘त्र्याण्णवावं मिनिट. खेळाडू क्रमांक आठ. गोलनंतर जर्सी काढली. कार्ड दाखवल्यावर खेळाडूने कार्डाला जोरदार हरकत घेतली आणि रेफरीशी हुज्जत घातली.’” त्याने वही मिटली. “कार्ड हवं असलेला माणूस कार्डासाठी भांडत नाही. मी बारा वर्षं रेफरी आहे, नाटक कळतं मला. तू खरंच विसरला होतास.”

“सगळंच विसरलो होतो,” राजस म्हणाला. त्याला हसू फुटलं आणि थांबेना.

“एक सामना बाहेर. पुढच्या रविवारचा. बस.” विक्रमने हात पुढे केला. “तुमच्या अंतिम सामन्यांना मी नसणार. आता आपली ओळख झाली, तसं आजच लीगला कळवतो. बघायला मात्र येईन. तिकीट काढून.”

“घरचेच तुम्ही,” राजस म्हणाला, “तिकीट कसलं?”

तोवर सासूबाई मैदानात उतरल्या होत्या. सुरक्षारक्षकाला त्यांनी काय सांगितलं देव जाणे, तो त्यांची टोपी हातात घेऊन मागून येत होता. विक्रमला पाहून त्या थबकल्या. त्याच्या काळ्या गणवेशाकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर ना हो?”

“सोमवार ते शुक्रवार, काकू.”

“मग मला तेव्हाच सांगायचं नाही का!”

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

अबोली खळखळून हसली. सासूबाई दोन क्षण ओशाळल्या, फक्त दोनच. मग त्या जावयाकडे वळल्या, त्याच्या जर्सीची चेन नसलेली कॉलर उगाच नीट केली आणि डोळे पुसत म्हणाल्या, “म्हणजे पुढच्या रविवारी तुम्ही मोकळे?”

“मोकळा, आई. पूर्ण मोकळा!”

“मग स्नो यायच्या आत गाडीला विंटर टायर घालून घ्या. आणि त्यानंतर कॅल्गरी. मीही येणार. माझं तिकीट आत्ताच काढ गं अबोली, त्या फोनवर होतं ना, तसं.”

“आई, आठशे मैल आहे,” राजस म्हणाला.

“मग खिडकीजवळचं काढ,” त्या म्हणाल्या. तिकडे ओबिना आणि बाकीचे नऊ जण ‘टिप! टिप!’ ओरडत त्याच्या दिशेने धावत येत होते, आणि या वेळी राजस पळाला नाही.